गावच्या जागेत चार्जिंग स्टेशन: आधी डीपीवरची पाटी वाचा, मग कंपनीचं ब्रोशर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राहायला भांडुपला, गाव लांजा आणि राजापूरच्या मधलं, मुंबई-गोवा हायवेपासून ४ किलोमीटर आत. घराला लागून १० गुंठे मोकळी जागा आहे आणि गावी काका असतात. एका कंपनीचा माणूस म्हणतोय की ६० किलोवॅटचा फास्ट चार्जर बसवा, सगळं मिळून १८ लाख तुम्ही घाला, महिना ५० हजार सुटतील. शिवाय गावातल्या माणसांची सोय होईल. करू की नको?

मुंबई-ठाण्यातल्या सोसायट्या आणि हायवेवरची हॉटेलं इथे चार्जर बसवण्याआधीची पाहणी करणं हा माझा धंदा. वीज कुठून येणार, लोड किती मिळणार, गिऱ्हाईक कोण, हे बघायचं आणि सांगायचं. घाईत असाल तर माझं उत्तर एवढंच, की हा चार्जर, त्या जागी, स्वतःच्या खिशातून बसवू नका. मात्र गावात चार्जिंगची सोय करण्यात अर्थ नाही असं मी म्हणत नाहीये. का ते पुढे लिहितो. यातल्या बऱ्याच गोष्टी तुमच्या वाडीत जाऊन बघितल्याशिवाय ठरणार नाहीत, त्यामुळे काय बघायचं तेही सांगतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक गुंतलेत. गावातल्या लोकांच्या गाड्या चार्ज व्हाव्यात हा एक, आणि जाता-येता थांबणाऱ्या परक्या गाडीवाल्याकडून पैसे मिळावेत हा दुसरा. कंपनीच्या माणसाने दोन्हीला एकच उत्तर दिलं, कारण त्याच्याकडे विकायला एकच वस्तू आहे.

मुंबईत सार्वजनिक चार्जर लागतो तो का, याचा जरा विचार करा. गाडी घ्यायला पैसे असतात, पण ती उभी करायला स्वतःची जागा नसते. चाळीतला माणूस गाडी रस्त्याकडेला लावतो, तिथे वायर कुठून नेणार? टॉवरमध्ये पार्किंग तिसऱ्या पोडियमवर, मीटर रूम तळाला आणि मधे कमिटी. वर्षभर एनओसीसाठी फिरलेले लोक मी रोज बघतो. अशा माणसाला युनिटमागे घरच्यापेक्षा जास्त पैसे मोजून बाहेर चार्ज करण्यावाचून गत्यंतर नसतं. आपल्या गावात हे सगळं उलट. अंगण आहे, पडवी आहे, मीटर दाराशी आहे. ज्याने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तो ती रात्री पडवीतल्या प्लगला लावतो आणि सकाळी काढतो. स्कूटरची बॅटरी साधारण २ ते ४ युनिटांची. तो माणूस तुमच्या स्टेशनवर येऊन रांग कशाला लावेल?

आणि आला तरी उपयोग नाही. ६० किलोवॅटच्या चार्जरला जी गन (गाडीत खुपसायचा प्लग) असते ती सीसीएस-टू प्रकारची, म्हणजे मोटारींसाठीची. ती स्कूटरला बसत नाही. गावच्या तीनचाकी रिक्षाही सहसा साध्या १५ अँपियरच्या प्लगवरच चार्ज होतात. एवढंच काय, एमजी कॉमेटसारख्या छोट्या गाडीत डीसी फास्ट चार्जिंगची सोयच नाही, ती फक्त एसीवर, म्हणजे घरी येते त्या साध्या विजेवर, सावकाश चार्ज होते. म्हणजे 'गावातल्या माणसांची सोय' हा भाग या यंत्राने सुटतच नाही. तुमचं गिऱ्हाईक बाहेरचंच असणार, हे एकदा मान्य केलं की हिशोब सरळ होतो.

बाहेरचे गाडीवाले दोन जातीचे. एक नुसता जाणारा, त्याला अर्ध्या-पाऊण तासात मोकळं व्हायचं असतं. दुसरा मुक्कामाला येणारा, त्याची गाडी रात्रभर उभीच असते. पहिल्याला फास्ट चार्जर हायवेला लागूनच हवा. दुसऱ्याला स्लो चार्जर चालतो, पण जिथे तो झोपतो तिथे. तुमची जागा हायवेपासून ४ किलोमीटर आत आहे आणि तिथे आज कुणी मुक्कामाला येत नाही. ही तुमची खरी अडचण, बाकी सगळं त्यानंतर.

४ किलोमीटर म्हणजे काहीच नाही, असं तुम्ही म्हणाल. नकाशावर नाहीच. पण कोकणात जाणारा मुंबईकर निघतो कधी? बरेचसे शुक्रवारी रात्री दहा-अकराला, ट्रॅफिक टाळून. तुमच्या फाट्यावर तो पहाटेच्या सुमारास येणार. बायको-पोरं झोपलेली, बॅटरी १५-२० टक्क्यांवर, आणि ॲप सांगतंय की डावीकडे वळून अरुंद रस्त्याने ४ किलोमीटर आत जा. आत चार्जर बंद असला तर परत बाहेर यायला बॅटरी पुरेल का, हा त्याच्या डोक्यातला पहिला प्रश्न असतो. हायवेला लागून दिवे असलेलं, चहा मिळणारं, स्वच्छतागृह असलेलं ठिकाण पुढे ३० किलोमीटरवर असेल तर तो तिकडेच जाईल. मीही जाईन.

अंतराचं गणितही बघा. मुंबईहून तुमचं गाव साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. आज रस्त्यावर ज्या मध्यम किमतीच्या गाड्या जास्त दिसतात त्या भरलेल्या बॅटरीवर, गाडीतला गारवा आणि घाट धरून, साधारण अडीचशे-तीनशे किलोमीटर जातात. म्हणजे मुंबईकर माणगाव, महाड, चिपळूण किंवा फार तर संगमेश्वरपर्यंत एकदा थांबलेला असतोच. तिथे, विशेषतः चिपळूण-संगमेश्वरला, त्याने ८० टक्के भरून घेतलं की राजापूर सहज पार होतं. सावंतवाडी-गोव्याकडे जाणारा मात्र पुढे पुन्हा थांबतो, आणि तो कुठे थांबतो हे मधे चार्जर किती आणि कुठे आहेत यावर ठरतं. इथे मी इथूनच छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण हे चित्र दर काही महिन्यांनी बदलतं. पण ते बघायची पद्धत सांगतो.

प्लगशेअर (चार्जर कुठे आहेत ते दाखवणारं ॲप) आणि दोन-तीन चार्जिंग कंपन्यांची ॲप उघडा. तुमच्या गावाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला ५० किलोमीटरपर्यंतचे सगळे फास्ट चार्जर एका कागदावर उतरवा. मग प्रत्येकाखाली लोकांनी लिहिलेल्या नोंदींच्या तारखा वाचा. आठवड्यातून चार-पाच नोंदी असतील तर तिथे गाड्या येतायत. महिन्याला एक असेल, आणि तीही 'चार्जर बंद आहे, वॉचमन फोन उचलत नाही' अशी असेल, तर अर्थ उघड आहे. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. चार्जर सतत बंद म्हणून गाड्या येत नाहीत, की गाड्या येत नाहीत म्हणून कुणी दुरुस्त करत नाही? पहिलं असेल तर तुम्हाला संधी आहे. हे फोनवर कळत नाही, तिथे जाऊन चहा प्यावा लागतो.

दुसरं म्हणजे वाहन पोर्टल. सरकारच्या या संकेतस्थळावर आरटीओनुसार आणि इंधनानुसार नोंदणीचे आकडे फुकट बघता येतात. रत्नागिरीचा एमएच-०८ आणि सिंधुदुर्गचा एमएच-०७ बघा, पण तिथे थांबू नका. तुमचं गिऱ्हाईक एमएच-०१ ते ०५, ४३, ४६ आणि ४७ मधून येणार. त्यात इलेक्ट्रिक 'मोटारी' किती ते वेगळं काढा, कारण एकूण आकडा स्कूटरनी फुगलेला असतो. कंपनीच्या ब्रोशरमध्ये नेमका तोच फुगलेला आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो.

तिसरी पद्धत सगळ्यात जुनी. तुमच्या फाट्यावरच्या टपरीवर बसायचं आणि हिरव्या नंबरप्लेट मोजायच्या. हिरव्यावर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी, पिवळी अक्षरं म्हणजे टॅक्सी-टुरिस्ट. शनिवारी पहाटे एकदा मोजा, मंगळवारी दुपारी एकदा मोजा. काकांना किंवा गावातल्या एखाद्या पोराला सांगितलं तरी चालेल. मंगळवारची मोजणी जास्त महत्त्वाची. शनिवारी सगळ्यांचंच चालतं.

गणपतीचं म्हणाल तर त्या दिवसांत कोकणातला प्रत्येक चार्जर भरलेला असतो आणि रांगेत भांडणं होतात, हे खरं. पण त्या गर्दीचाही फायदा मर्यादित. दोन गन असलेला ६० किलोवॅटचा चार्जर दोन गाड्या लागल्या की प्रत्येकीला सहसा ३०-३० देतो, मग गाडीला तासभर जातो. गर्दी कितीही असली तरी दिवसाला ठराविक गाड्याच निघतात. गणपती, मे महिना, दिवाळी, नाताळ आणि शिमग्याचे थोडे दिवस धरले तरी वर्षाचे उरलेले महिने मीटरचा स्थिर आकार चालूच राहतो, गाडी येवो न येवो.

आता विजेकडे येतो. माझ्या मते गावातले निम्मे प्रस्ताव इथेच संपायला हवेत, पण लोक हे शेवटी बघतात.

६० किलोवॅटचा चार्जर पूर्ण चालतो तेव्हा स्वतःतली तूट धरून साधारण ६५ केव्हीए (विजेच्या लोडचं माप, ढोबळमानाने किलोवॅटच) ओढतो, म्हणजे तिन्ही फेजवर ९० अँपियरच्या आसपास. आता तुमच्या वाडीच्या डीपीजवळ जा आणि रोहित्रावरची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरची, पाटी वाचा. वाड्यांवरची अनेक रोहित्रं ६३ किंवा १०० केव्हीएची असतात. ६३ ची असेल तर एकटा चार्जर तिला पुरून उरेल, तुमच्या आळीतल्या पंपांना आणि पिठाच्या गिरणीला काही शिल्लक राहणार नाही. १०० ची असेल तरी महावितरणचा अभियंता तिच्यावरून एवढा लोड देईल असं धरून चालू नका. मग स्वतंत्र डीपी आली, ११ किंवा २२ केव्हीच्या लाइनपासून खांब आले, आणि तो खर्च बहुतेक वेळा अर्जदाराच्याच गळ्यात येतो. काम स्वतः परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घेतलं तर महावितरणला सुपरव्हिजन चार्ज भरावा लागतो, आणि उच्चदाबाचं रोहित्र म्हटलं की विद्युत निरीक्षकाची तपासणीही आली. लाइन जागेपासून ५० मीटरवर आहे की ८०० मीटरवर, यावर तुमचा प्रकल्प उभा राहतो किंवा झोपतो. कंपनीने सांगितलेल्या १८ लाखांत हे धरलंय का, ते लेखी विचारा. मी बघितलेल्या बऱ्याच प्रस्तावांत 'वीज जोडणी जागामालकाकडे' अशी एक ओळ शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते.

लाइन कुठल्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवर) आहे हेही वायरमनला विचारा. गावठाण फीडरवर वीज दिवसभर असते. शेतीच्या फीडरला ठराविक तासच थ्री-फेज मिळते. कोकणात शेतीपंपांचे वेगळे फीडर घाटावरच्या मानाने कमी, तरी विचारून घ्या. हाच प्रश्न बीड किंवा सोलापूरच्या कुणी विचारला असता तर मी हा मुद्दा सगळ्यात आधी लिहिला असता.

मग व्होल्टेज. एक साधा मल्टिमीटर काकांकडे द्या आणि संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान फेज-न्यूट्रल व्होल्टेज वहीत लिहून ठेवायला सांगा, महिनाभर. बहुतेक डीसी चार्जर ४१५ व्होल्टच्या १०-१५ टक्के खाली-वर सहन करतात. घरातल्या प्लगच्या भाषेत, फेज-न्यूट्रल २०५ च्या खाली गेलं की चार्जर कुरकुरायला लागतो किंवा बंदच पडतो. टोकाच्या घरांत संध्याकाळी १९० दिसणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. स्वतःची डीपी घेतली तर हा त्रास बराच कमी होतो, पण लाइनच लांब आणि जुनी असेल तर पूर्ण जात नाही.

आणि जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा कातळ. याबद्दल मुंबईतला कुणी तुम्हाला सांगणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चिपळूणच्या अलीकडे एका हॉटेलात चार्जर बसवून झाला होता, वीज आली होती, उद्घाटनाचा नारळ फुटला होता. पहिलीच गाडी लावली तर पडद्यावर अर्थ फॉल्ट, म्हणजे अर्थिंगमध्ये दोष. गन काढा, लावा, पुन्हा तेच. मला बोलावलं तेव्हा न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये १४ व्होल्ट दिसत होते. चांगल्या जागी तिथे दोन-तीनच्या वर जाऊ नये. कारण जमिनीत होतं. सगळं आवार जांभ्याच्या कातळावर. ठेकेदाराने मुंबईच्या सवयीने खड्डे घेतले होते, चार फुटांवर कातळ लागला तिथेच प्लेट ठेवून वर माती लोटली होती. कोरड्या जांभ्यात अर्थिंग धरत नाही. पावसाळ्यात ठीक दिसतं, एप्रिल-मे मध्ये उडतं, आणि नेमकी तेव्हाच सुट्टीची गर्दी असते. शेवटी हॉटेलच्या मागे उताराला विहीर होती, तिच्याजवळच्या ओलसर मातीत दोन खोल पिट घेतले आणि जीआयची पट्टी तिथून चार्जरपर्यंत आणली. व्होल्ट दोनवर आले, गाडी लागली. तुमच्या १० गुंठ्यांत माती किती खोल आहे, विहीर किंवा व्हाळ (ओढा) कुठे आहे, हे काकांना तोंडपाठ असेल. मापनासाठी अर्थ टेस्टर घेऊन येणारा माणूस मात्र मे महिन्यातच बोलवा, पावसात नको.

वीज जाण्याचं वेगळं सांगायला नको. जूनमध्ये पहिल्या वाऱ्याला फांदी पडते आणि लाइन जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तसं रोज होत नाही, पण वर्षातले किती तास वीज नसते याचा अंदाज काकांकडून घ्या आणि हिशोबात तेवढे दिवस वजा करा. विजांसाठी सर्ज प्रोटेक्शन चांगल्या प्रतीचं घ्या, यावर पैसे वाचवू नका.

सोलर लावू, वीज फुकट, असंही काहींनी तुम्हाला सुचवलेलं दिसलं. १ किलोवॅटचं पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं. घरावर ५ किलोवॅट बसवलं तर २० युनिट, म्हणजे एका मोटारीचं एक वेळचं जेवणही पुरतं नाही, आणि आषाढ-श्रावणात त्याहून कमी. नेट मीटरिंगने, म्हणजे लाइनला दिलेली सोलरची वीज बिलातून वजा होऊन, बिल हलकं होईल, तेवढ्यासाठी जरूर लावा. पण सोलरवर फास्ट चार्जर चालतो असं समजू नका.

आता पैसे. खालचे आकडे हिशोबापुरते धरलेत. तुमच्या भागातला दर वीज नियामक आयोगाच्या चालू आदेशात बघून घाला. ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा वर्ग असतो आणि दिवसाच्या वेळेनुसार दर कमी-जास्त होतो.

समजा गिऱ्हाईकाकडून युनिटला २० रुपये घेतले. त्यातून १८ टक्के जीएसटी बाजूला काढला की १७ उरतात. वीज, सगळे आकार आणि यंत्रातली तूट धरून साडेनऊ जातात. ॲपवाली कंपनी तिचा वाटा घेते, तो २ धरू. हातात राहिले साडेपाच. एक मोटार एका वेळी साधारण २४ युनिट घेते. आता ५० हजारांना साडेपाचने भागा. महिन्याला ९ हजारांवर युनिट, म्हणजे दिवसाला ३०० च्या वर, म्हणजे रोज बारा-तेरा गाड्या. रोज म्हणजे मंगळवारी दुपारीही आणि आषाढातल्या पावसातही. यात राखणदार, इंटरनेट, विमा, वॉरंटी संपल्यावरची दुरुस्ती काही धरलेलं नाही.

रोज ४ गाड्या आल्या, आणि आतल्या जागी मी ४ हा आकडाही उदार समजतो, तर महिन्याला १६ हजारांच्या आत. खर्च गेल्यावर किती उरतील ते तुम्हीच बघा. तेच १८ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर महिना साडेदहा हजार येतात, आणि मुद्दल जागेवर राहतं. चार्जरचं मुद्दल दर पावसाळ्यात थोडं थोडं गंजतं.

सरकारी धोरणाचा आधार घेऊन हे गणित फिरवता येत नाही. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हायवेवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशन असावं असं म्हटलं होतं, राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणातही तशीच दिशा आहे. पण हे सोय किती अंतरावर असावी याचं माप आहे, त्या सोयीवर धंदा होईल अशी हमी त्यात कुठेच नाही. अनुदानाचंही तेच. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २ हजार कोटींची तरतूद आहे, पण खासगी जागामालकाने तो पैसा आपल्या खात्यात येईल असं धरून कर्ज काढू नये. आलं तर वरकमाई. चांगली बाजूही सांगतो. चार्जिंगचा धंदा करायला वीज विक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ झाल्याने मुंबईकरांना या गाड्या घेऊन कोकणात जाणं थोडं स्वस्त झालंय. गाड्या वाढणारच आहेत. तुमच्या फाट्यापासून ४ किलोमीटर आत किती येतील, हा प्रश्न राहतो.

मग तुम्ही काय करावं? मी तुमच्या जागी असतो तर स्लो चार्जरकडे वळलो असतो, आणि तोही मुक्कामाला जोडून. तुम्ही लिहिलंय की घर मोठं आहे, माडी रिकामी पडलीय. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजना आहे, त्यात किंवा स्वतंत्रपणे दोन खोल्या तयार केल्या आणि अंगणात ७.४ किलोवॅटचा एक एसी चार्जर लावला, तर रात्रीच्या आठ तासांत ५० च्या वर युनिट जातात. बहुतेक मोटारींची टाकी त्यात भरते. हा चार्जर तीस-चाळीस हजारांपासून मिळतो, सिंगल फेजवर ३२ अँपियर घेतो, सहसा डीपी बदलावी लागत नाही. लोड वाढवून घ्यावा लागेल. चार्जिंगवर कमवायची गरजच नाही, खोलीच्या भाड्यात धरा. आज इलेक्ट्रिक गाडीवाला मुक्काम शोधताना पहिला फोन करून विचारतो तो हाच, 'गाडी लावायला पॉइंट आहे का?' समोरून 'आहे' आलं की खोली पक्की.

यात दोन गोष्टी सांभाळा. पडवीतल्या जुन्या प्लगवर पाहुण्याला गाडी लावू देऊ नका. दहा-दहा तास १५ अँपियर ओढून जुना सॉकेट वितळतो, वास येईपर्यंत कळत नाही. मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी, ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग हवंच. दुसरं मीटरचं. स्वतःच्या गाडीसाठी घरचंच मीटर चालतं. पाहुण्यांकडून पैसे घेऊन नियमित चार्जिंग करणार असाल तर ईव्हीचं वेगळं मीटर मागा. घरगुती मीटरवर १०० आणि मग ३०० युनिटांच्या पुढे दर चढत जातो, चार पाहुण्यांच्या गाड्यांत काकांचं बिल वरच्या टप्प्यात जाईल आणि घरात कटकट होईल.

गावातल्या माणसांचं राहिलं. त्यांना काही द्यायचंच असेल तर तुमच्या अंगणापेक्षा रेल्वे स्टेशनचा रिक्षास्टँड बघा. कोकण रेल्वेची स्टेशनं गावापासून लांब, गाडी सुटली की पुढच्या गाडीपर्यंत रिक्षा तिथेच उभ्या. इलेक्ट्रिक रिक्षावाल्याला त्या दोन-तीन तासांत ३.३ किलोवॅटचा पॉइंट मिळाला तर दिवसाची एक फेरी वाढते. आज तिथे किती इलेक्ट्रिक रिक्षा आहेत ते स्टँडवर जाऊन विचारा. एक-दोनच असतील तर अजून वेळ आहे. हे ग्रामपंचायत किंवा रिक्षा संघटनेने करायचं काम, तुम्ही फक्त पुढाकार घेऊ शकता.

जागेच्या कागदांबद्दल थोडक्यात. कोकणातला सातबारा म्हणजे चुलत्या-पुतण्यांची अख्खी वंशावळ. तुमच्या १० गुंठ्यांवर कुणाकुणाची नावं आहेत ते आधी बघा. सामाईक असेल तर सगळ्यांची लेखी संमती लागेल, नाहीतर चार्जर लागल्यावर बोरिवलीचा एखादा चुलत भाऊ हजर होतो. धंद्यासाठी वापर म्हणजे अकृषिक परवानगीचा प्रश्न येऊ शकतो, तलाठ्याकडे चौकशी करा. आणि उद्या हायवेला लागून दुसरी जागा भाड्याने मिळाली तरी राष्ट्रीय महामार्गाला नवं तोंड काढायला परवानगी लागते, शिवाय पुढे बायपास तर होणार नाही ना, हे नकाशात बघा. बायपास झाला की जुन्या रस्त्यावरची हॉटेलं कशी ओस पडतात ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

एवढं सगळं वाचूनही फास्ट चार्जरच करायचा असं ठरवलंत, तर उलटा प्रस्ताव द्या. हायवेला लागून चालू हॉटेल असलेला गावातला कुणी ओळखीचा गाठा, जागा त्याची, यंत्र आणि वीज जोडणी कंपनीची, तुम्हाला दोघांना युनिटमागे वाटा. कंपनीला त्या जागेची खात्री असेल तर ती तयार होईल. 'यंत्र आमचं, पैसा तुमचा' यावरच ती अडून बसली तर तिला स्वतःच्याच आकड्यांची खात्री नाही.

सही करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या. महिना ५० हजार ही हमी आहे की अंदाज, आणि हमी असेल तर न मिळाल्यास कोण भरणार. वॉरंटी संपल्यावर आतलं पॉवर मॉड्यूल गेलं तर किती दिवसांत आणि किती रुपयांत मिळणार, आणि माणूस रत्नागिरीहून येणार की पुण्याहून. गिऱ्हाईकाचे पैसे आधी कुणाच्या खात्यात जमा होणार आणि तुमच्याकडे किती दिवसांनी येणार. आणि चार्जर ओसीपीपीवर चालतो का, म्हणजे उद्या ही कंपनी बंद पडली तर तेच यंत्र दुसऱ्या कंपनीच्या ॲपवर घेता येईल का. चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल तर बाकीचे तीन विचारूही नका.

तोपर्यंत महावितरणच्या उपविभागात ६५ केव्हीएचा अर्ज टाकून कोटेशन मागवा. अर्जाचा खर्च फारसा नसतो, आणि खांब-डीपीचा आकडा हातात आला की कंपनीच्या माणसाशी बोलताना तुमच्याकडेही एक कागद असेल.